श्रीखैरझरी वृत्तसार

अण्णाजी वैरागड्यांच्या सगळ्या पुस्तकांचं एक वेगळं काचेचं कपाट वर्ध्याच्या वाचनालयात करायचं ठरलं, आणि ही बातमी द्यायला चिटणीस लक्ष्मणराव फाले स्वतः बोरगाव मेघेला घरी आले. १९८७ चा श्रावण सुरू होता. बाहेर कोणी आल्याचं कळलं की अण्णाजी आधी चष्मा शोधायचे, मग टोपी शोधायचे, आणि तेवढ्यात आलेला माणूस पत्नी कांताबाईंशीच बोलून निघून जाईल अशी आशा धरायचे. लक्ष्मणराव काही जाणारे नव्हते. चहा पिऊन, पानाची चंची सोडून ते ऐसपैस बसले. शेवटी अण्णाजींना बाहेर यावंच लागलं.

"गुरुजी, तुमची पुस्तकं मिळून झाली तरी किती?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"कोणती धरायची त्यावर आहे," अण्णाजी म्हणाले.

"समदीच धरा," कांताबाई आतून म्हणाल्या, "माह्या नावाचं बी धरा. त्याच्यापायी मी लय बोलनं खाल्लं हाये."

कांताबाईंच्या नावाचं पुस्तक म्हणजे एक रहस्यकथा होती. अण्णाजी तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवत. हेडमास्तर कडक होते. इतिहासाच्या मास्तरानं खुनाच्या गोष्टी लिहाव्यात हे त्यांना खपलं नसतं. म्हणून मुखपृष्ठावर नाव छापलं ते सौ. कांता वैरागडे. पुढं वर्षभर बाजारात भाजी घेताना बाया त्यांना विचारायच्या, "काहो बाई, त्या बिचाऱ्या दिवानजीले काऊन मारलं?" आणि कांताबाईंनी पुस्तक वाचलेलंच नव्हतं.

बाकीची पुस्तकंही एका रांगेत उभी राहतील अशी नव्हती. कापसाच्या बाजारावर एक होतं. गिरडच्या टेकडीवरचा दर्गा, तिथली जत्रा आणि तिथले गोल गोटे यांची माहिती देणारी एक पुस्तिका होती. ती अण्णाजींनी जत्रेत सतरंजी टाकून स्वतः विकली होती, म्हणजे कांताबाईंनी विकली होती आणि अण्णाजी झाडामागे बसले होते. एका जिनिंगवाल्या शेटजींचं चरित्र होतं. शेटजींच्या मुलांनी त्यातले कोर्टकज्जे गाळायला सांगितले, आणि ते गाळल्यावर चरित्रात फारसं काही उरेना, म्हणून अण्णाजींनी त्या काळच्या हवापाण्यावर दोन प्रकरणं घातली होती. पोळ्याला बैलांपुढं लोक ज्या झडत्या म्हणतात त्यांचा संग्रह होता. पोरांच्या गोष्टी होत्या. आणि सगळ्यांत खपलेलं पुस्तक म्हणजे दहावीच्या इतिहासाचं प्रश्नोत्तरांचं गाईड. आजही रस्त्यात एखादा मिशीवाला माणूस स्कूटर थांबवायचा. "गुरुजी, वळखलं का? तुमच्या गाईडावर पास झालतो मी." तो पायाही पडायचा. अण्णाजींना मात्र कुठं तोंड लपवावं ते कळायचं नाही.

वर्ध्याच्या छापखान्यात एकदा ते टाइपांचे खण ठेवायच्या घोड्याआड उभे राहून प्रुफं तपासत होते. पलीकडं मालक कोणाला तरी सांगत होता, "अण्णाजीले सांगा न. शिंप्यासारखा मानूस हाये, माप द्या अन् शिवून घ्या." यात मालकाचा वाईट हेतू नव्हता. उलट त्यानं गिऱ्हाईकच मिळवून दिलं. पण अण्णाजींच्या मनातून ते वाक्य काही गेलं नाही, कारण ते खरं होतं. कोणीतरी सांगायचं, अण्णाजी लिहून द्यायचे. नाही म्हणायची त्यांना लाज वाटायची.

फक्त पहिलं पुस्तक कोणी सांगितलेलं नव्हतं.

"पहिलं कोणतं म्हणालात?" लक्ष्मणरावांनी पेन उघडलं.

"श्रीखैरझरी वृत्तसार," अण्णाजी म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा आवाज थोडा वर गेला. "पण त्याची प्रत नाही माझ्याकडे."

"मंग आना न कोठून तरी. पह्यलंच पुस्तक नसंन त कपाट कसं उघडाचं? पाहुनेबी इचारतीन."

* * *

खैरझरी म्हणजे गिरडच्या पुढं कोसभरावरचं, डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव. एकाहत्तर सालच्या शिरगणतीत मास्तरांना घरं मोजायला पाठवलं, तेव्हा अण्णाजींच्या वाट्याला ते आलं. दारावर गेरूनं आकडा घालायचा, माणसं किती ते विचारायचं आणि पुढच्या दारी जायचं, एवढंच काम. पण अण्णाजी पहिल्याच दारात अडकले. घरात माणसं किती हे विचारल्यावर त्यांनी विचारलं, तुमचे आजे कुठून आले? आज्यांनी कुठून बैल आणले? ही विहीर कोणी खणली? दुपार झाली तरी मास्तर त्याच ओट्यावर. शिरगणतीचं काम त्यांनी रडतखडत पुरं केलं आणि मे महिन्याची सुट्टी लागताच वळकटी घेऊन पुन्हा खैरझरीला गेले. रूपराव घोडमाऱ्यांच्या पडवीत त्यांनी सगळा उन्हाळा काढला. सकाळी अंबाडीची भाजी आणि भाकर खाऊन निघायचे, ते कोणाच्या तरी खाटेवर संध्याकाळ करायचे. त्या दिवसांत ते लाजत नसत. पुढं आयुष्यात तसं कधी झालं नाही.

पुस्तक कसं लिहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. लहानपणी वडील पोथी वाचत ती त्यांनी ऐकलेली. पुस्तक असंच सुरू होतं अशी त्यांची समजूत. म्हणून त्यांनी आरंभी झऱ्याला नमन केलं, मारुतीला नमन केलं, गावाबाहेरच्या गोंडांच्या टोलीतल्या पेनाला म्हणजे त्यांच्या देवालाही नमन केलं, आणि प्रकरणांना अध्याय म्हटलं. सात अध्याय झाले. प्रती थोड्याच छापल्या. एक गठ्ठा खैरझरीत वाटला, बाकीच्या छापखान्याच्या गोदामात राहिल्या आणि त्यांना वाळवी लागली. घरची प्रत कोणीतरी वाचायला नेली, ती परत आली नाही.

प्रत गेली तसं ते पुस्तक अण्णाजींच्या मनात वाढत गेलं. गाईडाचे प्रश्न काढताना, शेटजींचं चरित्र शिवताना ते स्वतःशी म्हणत, एकदा तरी आपण मनापासून लिहिलं आहे. त्यातलं एकही वाक्य आता त्यांना आठवत नव्हतं, पण वाक्यं चांगली होती एवढं आठवत होतं. निदान तसं वाटत होतं. कपाटाचं निमित्त झालं आणि ते शोधणं भाग पडलं. ते पुस्तक हातात घेऊन वाचलं, की एकदाचं कळणार होतं: आपण कधी काळी लेखक होतो, की पहिल्यापासून शिंपीच.

"चाला," कांताबाई म्हणाल्या, "तुमच्यानं एकट्यानं मागनं होनार नाई. मी येतो. गिरडच्या बाबाले चादरबी चढवाची राह्यली हाये माही."

* * *

पोळ्याला दोन दिवस होते. गिरडला चादर चढवून ते टेकडी उतरले आणि एका बैलबंडीत बसून दुपार कलताना खैरझरीत पोचले. रस्ता ओळखू येत होता आणि नव्हताही. खांबावर वीज आली होती. रूपरावांच्या पडवीवर कौलांऐवजी टिना होत्या. खाटेवर बसलेला म्हातारा रूपराव आहे हे अण्णाजींना त्याच्या खोकल्यावरून कळलं.

"कोन, मास्तर?" रूपराव उठले. "अवं जयवंता! पोथीवाले मास्तर आले वं!"

जयवंता ही रूपरावांची सून. ती हात पुसत बाहेर आली, अण्णाजींकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून वाकून नमस्कार केला. नंतर दारादारांतून माणसं आली. जो तो वाकू लागला. अण्णाजी मागं मागं सरकत भिंतीला टेकले.

"अहो, पोथी कोणती?" त्यांनी विचारलं.

"घ्या!" रूपराव हसले. "लिहिनारालेच ठावं नाई. तुमचीच न!"

मग ती हकीकत रूपरावांनी सांगितली. पुस्तक आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात मारुतीच्या देवळात नेहमीची पोथी चालू होती. देवळाचं छत गळलं, पोथी भिजली, पानांचा लगदा झाला. पोळ्याला दोन दिवस राहिलेले. श्रावणात लावलेलं वाचन मधे तोडायचं नसतं. नवी पोथी आणायला नागपूरला कोण जाणार, आणि नाल्याला पूर. तेव्हा कोणीतरी मास्तरांचं पुस्तक आणलं. उघडून पाहिलं तर आत नमन आहे, अध्याय आहेत, देवांची नावं आहेत. मग आणखी काय पाहिजे? चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि दोन संध्याकाळी सात अध्याय वाचले.

"त्या साली पानी बरोबर पडला," रूपराव म्हणाले, "एक ढोर मेलं नाई. दुसऱ्या साली नवी पोथी आली. पन लोक म्हने, पोळ्याच्या आधीच्या दोन सांजा आपल्याच पोथीच्या. तवापासून चालूच हाये."

कांताबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या. "मायबाई! अन् आमच्या घरी याईले कोनी कुत्रंबी इचारत नाई."

अण्णाजींना हसू आलं नाही. इतिहासाच्या पुस्तकाची पोथी झाली, हे बरं झालं की वाईट? कुठल्या सनात कोण आलं याची त्यांनी चर्चा केली होती, आणि लोक तिच्यावर हळद टाकत होते. पण प्रत आहे एवढं त्यांनी ऐकलं आणि ते भिंतीपासून पुढं सरकले.

"ती एकच प्रत उरली का?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्याईचे पोट्ट्याईनं पतंग केले. हे देवळात व्हती म्हनून वाचली."

मग कांताबाईंनी कपाटाची गोष्ट सांगितली. वर्धा, काचेचं कपाट, पाहुणे, पहिलं पुस्तक. रूपराव खाटेची दोरी चाचपू लागले.

"झेरॉक्स काढून वापस पाठवून देऊ न," कांताबाई म्हणाल्या.

"तसं नाई जमत, बाई," रूपराव म्हणाले. "बसवलेली पोथी शिवेच्या बाहेर गेली, का ते उठली. उठलेली पोथी पुन्हा बसवत नाई, नदीत सोडा लागते. आमच्या बापाच्या वक्ताची रीत हाये. नेली त नेली. गावाले इचारतो मी. उद्या वाचन झालं का सांगतो."

* * *

दिवेलागणीला देवळापुढच्या पारावर माणसं जमली. बाया निंदणाहून येऊन, हातपाय धुऊन आल्या होत्या. चौरंगावर लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. जयवंता चौरंगापुढं बसली. गावात सातवी शिकलेली सून पहिल्यांदा आली ती तीच, म्हणून वाचन तिच्याकडे. पण ती फडकं सोडेना. सगळे वाट पाहत होते.

"कोणाची वाट पाहता?" अण्णाजींनी हळूच विचारलं.

"टोलीवाल्याईची," रूपराव म्हणाले. "पह्यल्या साली आमी तसंच वाचलं होतं. पह्यला अध्याय वाचला त काय निघालं? का अठी पह्यली चूल गोंडाईची पेटली. आमी एकमेकाचे तोंडं पाहून राह्यलो. पोथीत ज्याचं नाव पह्यलं, त्याले न बलावता पोथी लावली! लय वाईट वाटलं. तवापासून टोलीतलं मानूस आल्याबिगर गाठ सोडत नाई."

अण्णाजींना आठवलं. एकाहत्तर साली टोलीतलं माणूस या पाराच्या खाली उभं राहून बोलायचं. त्यांनी ते पुस्तकात लिहिलं नव्हतं. लिहावं की नाही यावर त्यांनी पुष्कळ विचार केला होता आणि शेवटी धीर झाला नव्हता.

तेवढ्यात कंदील घेऊन टोलीची माणसं आली. पुढं एक वाळकी म्हातारी होती. ती सरळ पार चढून चौरंगाजवळच्या घोंगडीवर बसली. तिनं अण्णाजींकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हे त शिरगंतीवाले मास्तर. म्हातारे झाले न बाप्पा!"

"सुंदराबाई," अण्णाजी म्हणाले. नाव आपसूक तोंडात आलं.

"तुमी मले दिवसभर बोलतं ठेवलं होतं. माहं मोहाचं वेचनं राह्यलं होतं त्या दिवशी." लोक हसले. "वाच वं जयवंता."

गाठ सुटली. अण्णाजींनी मान पुढं केली. पुस्तक काळंपिवळं झालं होतं, एक कोपरा उदबत्तीनं जळला होता. जयवंतानं पोथीच्या चालीवर वाचायला सुरुवात केली.

"प्रथम नमन निर्झरासी, जो या ग्रामाचा आद्य जीवनदाता असून ज्याच्या सान्निध्यात मानवी वसाहतीचा प्रादुर्भाव झाला असावा असे अनुमान करण्यास जागा आहे..."

अण्णाजींनी मान मागं घेतली. प्रादुर्भाव! रोगाचा होतो तो. पुढचं वाक्य याहून लांब होतं, आणि त्याच्या पुढच्यात क्रियापद दोनदा आलं होतं. ते ऐकत राहिले आणि एकेक वाक्यागणिक खांदे पाडत गेले. जे पुस्तक मनात एवढं सुंदर होऊन बसलं होतं, ते हे होतं. गाईडाची भाषा याच्यापेक्षा साफ होती. शेटजींचं चरित्रसुद्धा याच्यापेक्षा बरं होतं. कळायचं होतं ते कळलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. शिंपी निदान माप चुकत नाही.

कांताबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं.

"जंगू नामक पुरुषाने पाषाण दूर करून निर्झर मुक्त केल्याची आख्यायिका आहे, परंतु तीस लिखित आधार नाही," जयवंतानं वाचलं. मग तिनं पानात बोट ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

सुंदराबाई खाकरली आणि बोलू लागली. जंगू तिच्या आजीच्या आजीचा बाप. बायको बाळंतीण होती, पाणी नव्हतं. त्यानं खैराच्या मुळाशी कान लावला तेव्हा त्याला दगडाच्या आत कोणी म्हातारी दळते आहे असं ऐकू आलं. तो दगड हलेना. त्यानं दगडाशी बोली केली... हे सगळं तिनं अण्णाजींना त्या उन्हाळ्यात सांगितलं होतं. त्यांनी सगळं उतरवून घेतलं होतं, आणि लिहिताना आधार नाही म्हणून एका ओळीत आवळलं होतं. आता तीच गोष्ट ती हात नाचवत सांगत होती. दगडाचं बोलणं आलं की जमलेली पोरं दगडाच्या आवाजात ओरडत होती. एक पोर मधेच म्हणालं, "आजी, कोंबडा राह्यला!" आणि तिनं गोष्टीत मागं जाऊन कोंबडा घातला.

गोष्ट संपली तशी ती अण्णाजींकडे वळली. "मास्तर, तुमी लय आखूड लिहिलं. पन जागा बरोबर ठेवली माह्यासाठी. जयवंता तठीच थांबते."

अण्णाजींनी मान हलवली. जयवंतानं पुस्तक पुन्हा उघडलं. पुढचे अध्याय त्यांनी वेगळ्याच कानांनी ऐकले. भाषा तशीच होती, बोजड, खडे लागल्यासारखी. पण "घोडमारे कुलोत्पन्न" म्हटलं की रूपरावांच्या घरची पोरं सरसावून बसत होती. विहीर खणणाऱ्या दोन भावांचं भांडण आलं की एक म्हातारा दरवर्षीसारखा तावातावानं म्हणत होता, "चूक धाकल्याचीच होती!" आणि समोरून उत्तर येत होतं, "बस खाली बावा, तुहा आजा होता थोरला."

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गाठ सोडण्याआधी, रूपराव पारावर उभे राहिले.

"मास्तर, आमी गावानं इचार केला. पोथी तुमची हाये. तुमीच लिहिली, तुमाले नाई म्हनाचा आमचा हक नाई. आज सातवा अध्याय झाला का तुमी घेऊन जा. वर्ध्याले आमच्या गावाचं नाव लागंन, ते बी बरंच हाये."

एका पोरानं आईला विचारलं, "मंग पुढच्या साली काय वाचाचं?" आईनं त्याला चिमटा काढला. सुंदराबाई घोंगडीवर बसली होती. ती पोथीकडे पाहत नव्हती, पारावरच्या आपल्या पायांकडे पाहत होती.

पुस्तक अण्णाजींपासून हातभर अंतरावर होतं. नेलं तर कपाट पुरं होईल, पहिल्या जागेवर ते उभं राहील. आणि काचेला कुलूप असेल, म्हणजे कोणी उघडून ती वाक्यं वाचणार नाही. पाहुणे बाहेरून नाव वाचतील आणि वा म्हणतील. असा विचार आपल्या मनात आला याचीच त्यांना शरम वाटली. आयुष्यात न जमलेला एक शब्द त्यांनी कसाबसा उच्चारला.

"नाही," ते म्हणाले. मग ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाले, "नाई. नाई नेत मी. ते अठीच राहू द्या."

"अहो, मंग लक्ष्मणरावले काय सांगान?" कांताबाईंनी विचारलं.

"सांगीन, पुस्तक वाचाले गेलं हाये."

"पंधरा वर्सांपासून?"

"वाचून व्हायचं हाये त्याईचं."

कांताबाई मोठ्यानं हसल्या आणि मग बाकीचे हसले. सुंदराबाईनं घोंगडी थोडी झटकली आणि बाजूला सरकून जागा केली. जयवंता चौरंगापुढून उठली.

"गुरुजी, आजचं तुमी वाचा."

अण्णाजींनी दोन्ही हातांनी नकार केला. वर्गात ते वर्षानुवर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवत आले होते. पण रूपरावांनी दंड धरून त्यांना बसवलं आणि गाठ त्यांच्याच बोटांनी सोडायला लावली. कागदाला कापराचा, तेलाचा, माणसांच्या हातांचा वास होता. त्यांनी पाचवा अध्याय काढला आणि वाचू लागले. आवाज फुटेना. जड वाक्य आलं की त्यांना मधेच सुधारावंसं वाटे. एके ठिकाणी त्यांनी "प्राप्त परिस्थितीत" गाळून सोपं केलं, तर तीनचार बायांनी एकदम दुरुस्त केलं, "प्राप्त परिस्थितीत, गुरुजी!" त्यांनी मुकाट्यानं प्राप्त परिस्थितीत म्हटलं. हळूहळू आवाज स्थिर झाला. चालीवर वाचायचं त्यांना जमत नव्हतं, पण मागून कोणीतरी चाल धरत होतं, आणि ते तिच्यामागं जात होते.

सातव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आलं. ते शिरगणतीचंच होतं: या ग्रामाची लोकसंख्या अमुक, घरे अमुक, विहिरी अमुक. त्यांनी ते वाचलं, पुस्तक मिटलं, डोक्याला लावलं आणि उठू लागले.

कोणीच उठलं नाही.

"बसा, मास्तर," सुंदराबाई म्हणाली. "फळ राह्यलं न अजून."

"फळ?"

"पोथी आयकली त त्याचं फळ सांगा लागते. तुमी लिहालेच इसरले होते," जयवंता म्हणाली. "मंग आमीच केलं."

तिनं हात जोडले. सगळ्यांनी हात जोडले. टोलीच्या माणसांनी एक ओळ आपल्या बोलीत म्हटली, तिच्यामागून गावानं आपल्यातली म्हटली, आणि मग दोन्ही मिळून एकच झाली. जो हे आयकीन त्याच्या विहिरीचं पानी आटू नये. जो वाचीन त्याच्या दारी कोनी आलं त ते उभं राहू नये, बसावं. ज्यानं लिहिलं त्याचे डोये शाबूत राहावे. अण्णाजी पहिल्यांदाच ऐकत होते. पाठ नसलेले या पारावर ते आणि कांताबाई दोघंच. त्यांनी चष्मा काढला, हात जोडले, आणि प्रत्येक ओळ संपता संपता तिचा शेवटचा शब्द पकडून लोकांच्या मागून म्हणू लागले.